अडत्यांच्या पेढीवर बुद्धीची भरती

पूर्वी महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर बँकांच्या आणि आयुर्विमा महामंडळाच्या नोकरभरतीच्या जाहिराती लागत. त्यांच्या जागी आता एक नवी हाक ऐकू येते. ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये कारकीर्द कशी सुरू कराल?’ अशा मथळ्याची मार्गदर्शन-शिबिरे आणि शिकवणी-वर्ग मुंबई-पुण्यात तर भरतातच. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणचा वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही आता या शब्दांशी परिचित झाला आहे. या हाकेला ओ देणारे विद्यार्थी सामान्य कुवतीचे नव्हेत. पवईच्या आयआयटीत धातुशास्त्र शिकलेला अभियंता, संख्याशास्त्रात पहिला आलेला पदवीधर, अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील हुशार स्नातक, असे सारे त्यांत आहेत. ज्यांच्या शिक्षणाचा मोठा भार समाजाने उचलला, त्यांच्यातील नेमके बुद्धिमान तरुण उत्पादनाशी दूरान्वयानेच संबंध असलेल्या व्यवसायात शिरतात आणि समाज त्याबद्दल त्यांचा सत्कार करतो. या घटनेचा राजकीय अर्थ काय, याचा विचार आपल्या चळवळीत पुरेसा झालेला नाही.

आपल्या वर्तुळात या विषयावर साधारणतः दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक असूयेची : ‘पोरगा पंचविशीत एवढा पगार घेतो, आणखी काय हवे?’ दुसरी तुच्छतेची : ‘सट्टेबाजांची चाकरी, दुसरे काय!’ दोन्ही प्रतिक्रिया आळशी आहेत. पहिली प्रश्नच नाकारते. दुसरी प्रश्न न समजताच निकाल देते. ज्या व्यवसायाने सार्वजनिक मालमत्तेच्या किमती ठरवल्या, कारखाने कोणाच्या हाती जावेत याचे मसुदे तयार केले आणि जगाला एका महामंदीच्या उंबरठ्यावर नेऊन उभे केले, त्याला नुसती शिवी देऊन भागणार नाही. त्याचा व्यवहार समजून घेऊनच त्याच्याशी लढावे लागेल.

अडत कोणाकडून, अडत कशाची?

गुंतवणूक बँक ही नेहमीच्या अर्थाने बँक नव्हे. तिथे शेतकऱ्याचे खाते नसते, कारागिराला कर्ज मिळत नाही. कंपन्यांचे समभाग व रोखे बाजारात विकून देणे, एका कंपनीने दुसरी गिळावी यासाठी सौदा जुळवणे, त्या सौद्याची किंमत काढून देणे आणि या साऱ्यावर शुल्क घेणे, हा तिचा मुख्य धंदा. त्याच्या जोडीला मोठ्या विदेशी बँका स्वतः रोख्यांची व समभागांची उलाढालही करतात. आपल्याकडे हा व्यवसाय ‘मर्चंट बँकिंग’ या नावाने आला. ग्रिंडलेज बँकेने १९६७ मध्ये त्याचा आरंभ केला. स्टेट बँकेने १९७२ मध्ये तो हाती घेतला. १९९२ मध्ये ‘सेबी’ने त्याच्यासाठी स्वतंत्र नियमावली केली.

बाजार समितीच्या आवारात वाढलेल्या कार्यकर्त्याला हा धंदा समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. हा कंपन्यांचा अडत्या आहे. माल त्याचा नाही, पैसा त्याचा नाही. विकणारा व घेणारा यांच्यामध्ये तो उभा आहे आणि सौदा झाला की त्याची अडत सुटते. भाजीपाल्याच्या व्यवहारात अडत शेतकऱ्याने द्यावी की खरेदीदाराने, यावर २०१६ मध्ये महाराष्ट्रात केवढे रण माजले होते, हे आपणास आठवत असेल. मग हजारो कोटींच्या सौद्यांची अडत कोण घेतो, कोणाच्या हितासाठी घेतो आणि सौदा फसल्यास त्याचे काय जाते, हे विचारण्याचा आपणास अधिकार नाही काय? कांद्याचा अडत्या निदान सर्वांच्या डोळ्यांसमोर लिलाव करतो. इथला लिलाव बंद दालनात होतो आणि त्याची भाषा शेतकऱ्याला तर सोडाच, खासदारालाही कळत नाही.

भांडवल उभारणीचा दावा

या व्यवसायाचे समर्थक एक ठाम युक्तिवाद करतात. ते म्हणतात, ‘बचत करणारा एकीकडे, उद्योग करणारा दुसरीकडे, आम्ही दोघांना जोडतो. आमच्यावाचून भांडवल उभे राहणार नाही आणि भांडवलावाचून कारखाना उभा राहणार नाही.’ हा युक्तिवाद तत्त्वतः खोटा नाही. कोणत्याही औद्योगिक समाजात, समाजवादी समाजातही, बचतीचे रूपांतर उत्पादक गुंतवणुकीत करणारी यंत्रणा लागते. प्रश्न असा की, आज ही मंडळी प्रत्यक्षात ते काम किती करतात?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईच्या भारतीय कंपनीची २७,८७० कोटी रुपयांची भागविक्री झाली. तोपर्यंतच्या भारतीय इतिहासातील ती सर्वांत मोठी. वर्तमानपत्रांनी तिचे वर्णन देशाच्या आर्थिक सामर्थ्याचा सोहळा म्हणून केले. त्यांतील किती रुपये नव्या यंत्रसामग्रीसाठी त्या कंपनीच्या तिजोरीत गेले? एकही नाही. ती सर्वच्या सर्व विक्री दक्षिण कोरियातील मूळ कंपनीच्या मालकीच्या भागांची होती. भारतीय बचतदारांचा पैसा तिच्याकडे गेला. याच भारतीय कंपनीने पुण्याजवळील तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार २०२३ मध्ये केला होता; तिथल्या जुन्या कामगारांनी नोकरीसाठी किती दीर्घ लढा दिला, ते पुणे जिल्ह्यातील आपले साथी जाणतात. त्या विक्रमी भागविक्रीतून तळेगावात एक वीटही रचली गेली नाही.

त्यापूर्वीचा विक्रम आयुर्विमा महामंडळाचा, मे २०२२ मधला. तीही संपूर्णतः जुन्या मालकाची, म्हणजे सरकारची, विक्री. महामंडळाला तिच्यातून काही मिळाले नाही. त्याच्याही आधीचा विक्रम पेटीएमच्या कंपनीचा, नोव्हेंबर २०२१ मधला. एकूण १८,३०० कोटींपैकी १०,००० कोटी जुन्या भागधारकांना बाहेर पडण्यासाठी होते. २,१५० रुपयांना विकलेला तो भाग पहिल्याच दिवशी सुमारे १,५६४ रुपयांवर बंद झाला. ज्या सामान्य गुंतवणूकदाराने हौसेने अर्ज केला त्याचे एका दिवसात चौथा हिस्सा भांडवल बुडाले. त्या भागाचा भाव सुचवणाऱ्या सल्लागारांनी मात्र काही गमावल्याचे ऐकिवात नाही.

म्हणजे सर्वांत मोठ्या तीन उदाहरणांपैकी दोहोंत नवे भांडवल शून्य आणि तिसऱ्यात निम्म्याहून कमी. नव्या उद्योगांसाठी पैसा उभारणाऱ्या भागविक्री होतच नाहीत, असे मी म्हणत नाही. होतात, आणि त्यांचे स्वागत करावे. परंतु ज्या कर्तृत्वाच्या जोरावर हा व्यवसाय आपली प्रतिष्ठा मागतो, त्याचा कळस जर जुन्या मालकांची सुटका हाच असेल, तर त्याला भांडवल-उभारणी म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे.

सार्वजनिक संपत्तीचे मूल्य

आयुर्विमा महामंडळाचे उदाहरण अधिक खोलात पाहण्याजोगे आहे. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, जानेवारी १९५६ मध्ये, आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा झाली. २४५ विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था एकत्र करून महामंडळ निर्माण झाले. सरकारने घातलेले मूळ भांडवल अवघे ५ कोटी रुपये. त्यावर पुढे जी प्रचंड संपत्ती उभी राहिली ती कोणाची? खेडोपाडी फिरणाऱ्या विमा प्रतिनिधींच्या पायपिटीची, लिपिकांच्या श्रमाची आणि पगारातून हप्ता भरणाऱ्या कोट्यवधी कुटुंबांच्या विश्वासाची. २०२२ मध्ये तिचा साडेतीन टक्के भाग विकून सरकारने सुमारे २०,५०० कोटी रुपये उभे केले. महामंडळाचे ‘अंतर्भूत मूल्य’ ५.३९ लाख कोटी काढण्यात आले होते. विक्रीचा भाव त्याच्या जेमतेम १.१ पट पडला, आणि खासगी विमा कंपन्यांचे भाग मात्र बाजारात त्यांच्या अंतर्भूत मूल्याच्या कितीतरी अधिक पटीने विकले जात होते. राष्ट्राची मालमत्ता स्वस्तात गेली, अशी टीका त्या वेळी झाली ती याच आधारावर.

यावर उत्तर दिले जाते की, ९४९ रुपयांचा तो भाग पहिल्या दिवशी ८७५ रुपयांच्या आसपास बंद झाला. मग तो स्वस्त कसा? हे उत्तर वरकरणी बिनतोड वाटते. परंतु त्याचा अर्थ नीट लावावा. भाव जर कमी होता, तर राष्ट्र नागवले गेले. जास्त होता, तर सवलतीच्या ८८९ रुपयांना भाग घेणारा विमाधारक नागवला गेला. या दोहोंपैकी काहीही खरे असो, सल्ला देणाऱ्या दहा मर्चंट बँकांवर त्याचा कोणता भार पडला? ज्या निर्णयात चूक होण्याची किंमत नेहमी दुसराच मोजतो, त्या निर्णयाला तज्ज्ञता म्हणायचे की बेजबाबदारी? अशा सरकारी विक्रीचे काम मिळवण्यासाठी या पेढ्या कित्येकदा नाममात्र शुल्काच्या निविदा भरतात, हेही लक्षात घ्यावे. फुकटात काम करणारा दलाल आपला मोबदला अन्यत्र घेत असतो. मोठ्या विक्रीच्या यादीत आपले नाव वर चढावे आणि पुढची गिऱ्हाइके मिळावीत, हा तो मोबदला होय.

मुंबईकरांना याहून जुने उदाहरण ठाऊक आहे. विमानतळाजवळचे सेंटॉर हॉटेल २००२ मध्ये ८३ कोटींना एका खासगी कंपनीस विकले गेले आणि त्या कंपनीने काही महिन्यांतच ते ११५ कोटींना पुढे विकले. मधले ३२ कोटी कोणत्या उत्पादक श्रमातून आले? मूल्यांकनाचे कागद त्याही वेळी होते. तज्ज्ञांच्या सह्याही होत्या.

नफा त्यांचा, जोखीम समाजाची

अमेरिकेत १९२९ च्या कोसळण्यानंतर सिनेटच्या समितीने १९३२ ते १९३४ या काळात चौकशी केली, तेव्हा प्रतिष्ठित बँकांनी निकृष्ट रोखे सामान्य गिऱ्हाइकांच्या गळ्यात बांधल्याचे उघड झाले. त्या संतापातून १९३३ चा ग्लास-स्टीगल कायदा झाला आणि ठेवीची बँक व रोख्यांची पेढी यांच्यात भिंत उभी राहिली. ६६ वर्षांनी, १९९९ मध्ये, ती भिंत कायद्यानेच पाडण्यात आली. १५ सप्टेंबर २००८ रोजी १८५० साली स्थापन झालेली लेहमन ब्रदर्स ही पेढी दिवाळखोरीत निघाली. लगेच पुढच्या महिन्यात अमेरिकन सरकारला ७०० अब्ज डॉलरची बचाव-योजना मंजूर करावी लागली. नफ्याच्या काळात बाजाराची स्वायत्तता, तोट्याच्या काळात सरकारची तिजोरी : हे या व्यवस्थेचे अलिखित घटनाकलम आहे.

त्यानंतर शहाणपण आले असे म्हणावे, तर क्रेडिट स्विस या १८५६ पासूनच्या बँकेने २०२१ मध्ये आर्चेगोस नावाच्या एकाच खासगी गुंतवणूक-पेढीशी केलेल्या व्यवहारात सुमारे ५.५ अब्ज डॉलर घालवले आणि मार्च २०२३ मध्ये स्विस सरकारच्या पुढाकाराने ती यूबीएसच्या स्वाधीन करावी लागली. या बँकेचे मोठे कार्यालय पुण्यातही होते. झुरिचमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये घेतलेल्या जुगारी निर्णयांची अनिश्चितता अशा रीतीने खराडीत नोंदी जुळवत बसलेल्या तरुण कर्मचाऱ्यांच्या घरापर्यंत येऊन पोहोचली.

आपल्या देशातील सट्ट्याचे चित्रही पाहा. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, फ्यूचर्स व ऑप्शन्सच्या बाजारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांनी २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत पैसे गमावले, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. यांतील २०२३-२४ या एकाच वर्षात स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी ३३,००० कोटी आणि विदेशी गुंतवणूकदारांनी २८,००० कोटी रुपये, खर्च वजा जाता न धरता, नफा मिळवला. गणितात प्रावीण्य मिळवलेला आपला तरुण या बाजारात कोणत्या बाजूला बसून काम करतो, हे वेगळे सांगावयास नको. त्याच्या बुद्धीचा मोबदला हा तालुक्याच्या गावी मोबाईलवर नशीब अजमावणाऱ्या दुसऱ्या तरुणाच्या खिशातून येतो.

केन्स यांनी १९३६ मध्येच उद्योजकता आणि सट्टा यांत स्पष्ट भेद केला होता. येल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन, जे काही समाजवादी नव्हते, त्यांनी १९८४ मध्ये अशी शंका व्यक्त केली की, तरुण पिढीतील उत्तम बुद्धी वस्तू व सेवांच्या उत्पादनापासून दूर असलेल्या वित्तीय उलाढालीत ओतली जात आहे आणि तिथला खासगी मोबदला तिच्या सामाजिक उपयुक्ततेच्या प्रमाणाबाहेर आहे. चार दशकांनंतर ती शंका राहिलेली नाही.

आत गेलेल्याचे काय होते?

आता त्या तरुणाच्या बाजूने पाहू. कारण तो आपला शत्रू नाही. त्याला ‘ॲनालिस्ट’ म्हणतात. दोन-तीन वर्षे तो संगणकावर कोष्टके भरतो, वरिष्ठांच्या सादरीकरणातील आकडे व स्वल्पविराम रात्री दोन वाजता दुरुस्त करतो, भावी रोकड-प्रवाहाची गणिते अपेक्षित उत्तर येईपर्यंत पुनःपुन्हा मांडतो. २०२१ मध्ये गोल्डमन सॅक्समधील पहिल्या वर्षाच्या १३ ॲनालिस्टांनी स्वतःची पाहणी करून वरिष्ठांपुढे ठेवली : आठवड्याला सरासरी ९५ तास काम, रात्री पाच तास झोप. २०२४ मध्ये जेपी मॉर्गन बँकेने कनिष्ठांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, तीही चालू सौद्यांचा अपवाद राखून. आणि हे मोठे औदार्य म्हणून सांगितले गेले.

ऐंशी तास! नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी मिळवली. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तास ही कमाल मर्यादा घातली. शंभर वर्षांहून अधिक काळ कामगारांनी रक्त आटवून मिळवलेला हा हक्क आज सर्वाधिक पगाराचा सुशिक्षित नोकर स्वखुशीने सोडून देतो आणि त्याला ‘करिअर’ म्हणतो. त्याचा पगार तासांनी भागला तर तो दिसतो तेवढा दिपवणारा राहत नाही. संघटना करण्याची कल्पनाही त्याच्या मनाला शिवत नाही, कारण आपण मालकवर्गात आहोत असे त्याला पढवलेले असते.

आणि तो काम कुठे करतो? मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि जमिनी विकल्या गेल्या. एकट्या ज्युपिटर मिलची सुमारे ११ एकर जमीन २००५ मध्ये २७६ कोटींना गेली. लोअर परळच्या त्याच जमिनींवर आज काचेचे मनोरे उभे आहेत आणि त्यांत वित्तीय कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. गिरणी कामगारांची घरांची मागणी मात्र आजही पुरती फिटलेली नाही.

हेही सांगितले पाहिजे की, ज्याला ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंगची नोकरी’ म्हणून विकले जाते ते बहुसंख्यांच्या वाट्याला येतच नाही. सौदे जुळवणाऱ्या खुर्च्या थोड्या. त्या मोजक्या संस्थांतील, इंग्रजी सफाईने बोलणाऱ्या, घरची आर्थिक पाठराखण असलेल्या मुलांकडे जातात. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि या निवडीला कोणी जाब विचारत नाही. उरलेल्यांसाठी पुणे, बंगळुरू, हैदराबाद येथील आधार-कार्यालये आहेत. गोल्डमन सॅक्सने २००४ मध्ये बंगळुरूत थाटलेले कार्यालय तर न्यूयॉर्कच्या खालोखाल मोठे झाले आहे. तिथे झालेल्या व्यवहारांच्या नोंदी जुळवणे, कागदपत्रे तपासणे, चुका शोधणे अशी कामे चालतात. ही कामे प्रामाणिक आहेत. त्यांना मी कमी लेखत नाही. परंतु बी.कॉम. झालेल्या मुलाकडून जबर शुल्क घेऊन त्याला सौदागराचे स्वप्न दाखवायचे आणि रात्रपाळीच्या नोंदणी-कामावर नेऊन सोडायचे, या शिकवणी-धंद्याला फसवणूक म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

‘मग मुलांनी करायचे काय?’

हा प्रश्न पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. मी तीस वर्षांहून अधिक काळ अर्थशास्त्र शिकवले. माझे काही विद्यार्थी याच व्यवसायात आहेत आणि मी त्यांना कधी नीतिपाठ दिलेला नाही. ज्या मुलाने व्यवस्थापनाच्या पदवीसाठी वीस-पंचवीस लाखांचे कर्ज काढले आहे, त्याची नोकरी त्याच्या आवडीने ठरत नाही. ती कर्जाच्या हप्त्याने ठरते. शुल्क वाढवून सरकारने जणू त्याला वित्तबाजाराकडे गहाण टाकले आहे. दुसरीकडे सार्वजनिक दरवाजे एकेक करून बंद होत आहेत. १९६९ मध्ये १४ आणि १९८० मध्ये ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. विलीनीकरणांनंतर एप्रिल २०२० पासून सरकारी बँका १२ उरल्या. महाविद्यालयांत अर्थशास्त्राची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर पाट्या टाकून घेतल्या जातात. त्यात करव्यवस्थेचा संदेशही स्पष्ट आहे : श्रमाच्या उत्पन्नावर वरच्या स्तरात ३० टक्के आणि समभागांवरील दीर्घकालीन भांडवली नफ्यावर, जुलै २०२४ पासून, साडेबारा टक्के. राज्यसंस्थाच जर असे सांगत असेल, तर एकट्या तरुणाने त्यागाचा वसा घ्यावा, ही अपेक्षा ढोंगी ठरेल.

त्याचप्रमाणे, सरकारी मालकी आली की सारे शुद्ध होते, असेही मानू नये. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात जानकीरामन समितीला सुमारे ४,००० कोटींची तफावत आढळली आणि त्यात सरकारी बँकांच्या उपकंपन्याही गुंतल्या होत्या. मालकी सार्वजनिक असली, तरी हिशेब सार्वजनिक नसेल तर दलाल आपले बीळ शोधतोच.

खरा प्रश्न असा आहे की, भांडवल उभारणे, उद्योगाचे मूल्य काढणे, आजारी कारखान्याची पुनर्रचना आखणे, ही विद्या केवळ धनिकांच्याच सेवेत का राहावी? महाराष्ट्राने याचे वेगळे उत्तर एकदा दिलेले आहे. प्रवरेच्या काठी, लोणी येथे, विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. वैकुंठभाई मेहता यांचे साह्य मिळाले. आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ त्या योजनेच्या पाठीशी उभे राहिले. १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना निघाला. भागविक्री तीही होती. भांडवल-उभारणी तीही होती. तिच्यात देशातला एक अव्वल अर्थशास्त्रज्ञ आपली विद्या खर्च करीत होता. फरक एवढाच की, भाग घेणारा आणि ऊस पिकवणारा एकच होता, आणि सल्लागार अडत मागत नव्हता.

कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचे उदाहरण याहून आपल्या जवळचे. बंद पडलेला तो कारखाना १९८८ मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेने ताब्यात घेतला. त्यासाठी पुनरुज्जीवनाची योजना मांडावी लागली, येणी-देणी ठरवावी लागली, आकड्यांनिशी अधिकाऱ्यांना पटवावे लागले. पुढे तो प्रयोग टिकला नाही. पण कामगारांच्या बाजूने ताळेबंद वाचणारे लोक होते म्हणूनच तो सुरू तरी होऊ शकला. उलट, पुढे सहकारी साखर कारखाने आजारी दाखवून कवडीमोल किमतीला विकले गेल्याच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या, तेव्हा सभासद शेतकऱ्याजवळ राग होता. मूल्यांकनाचा कागद खोडून काढण्याची विद्या नव्हती. ती विद्या आपण दुसऱ्या पेढीवर नोकरीला पाठवली होती.

आपल्या मागण्या, आपले काम

म्हणून काही गोष्टी आपण स्पष्टपणे मागितल्या पाहिजेत. सार्वजनिक मालमत्तेच्या प्रत्येक विक्रीचे संपूर्ण मूल्यांकन, गृहीतकांसह, विक्रीपूर्वी संसदेपुढे ठेवावे आणि महालेखापालांनी ते तपासावे. सल्लागारांच्या शुल्काचा मोठा हिस्सा तीन वर्षे राखून ठेवावा. दिलेला सल्ला खोटा ठरल्यास तो जप्त व्हावा. भांडवली नफा आणि श्रमाचे उत्पन्न यांतील करभेद मिटवावा. कामाच्या तासांची कायदेशीर मर्यादा कचेरीत काम करणाऱ्या सुशिक्षित नोकरालाही लागू करावी. उच्च शिक्षणाचे शुल्क कमी करावे, आणि प्राध्यापकांची व सार्वजनिक बँकांतील रिक्त पदे भरावीत.

परंतु मागण्यांपूर्वी एक काम आपले आपणच करावयाचे आहे, त्याला सरकारी परवानगी लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात चार-पाच कार्यकर्त्यांचा एक अभ्यासगट असावा, ज्याला कंपनीचा ताळेबंद आणि भागविक्रीचे माहितीपत्रक वाचता येईल. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे विकले. उद्या आपल्या नगरपालिकेपुढे तसाच प्रस्ताव आला, तर व्याजाचा बोजा पाणीपट्टीवर किती पडेल हे आपल्या नगरसेवकाला रात्रीतून समजावून सांगणारे कोणी आपल्याजवळ आहे काय? कारखाना बंद करण्याची नोटीस लागली, तर व्यवस्थापनाच्या तोट्याचे आकडे फोडून दाखवणारे कोणी युनियनच्या कचेरीत बसते काय? या पेढ्यांत काम करून थकलेले, विवेक शाबूत असलेले तरुण आपल्या ओळखीचे असतात. त्यांना टोमणे मारण्याऐवजी आपण त्यांच्याकडे महिन्याचा एक रविवार मागावा. लोखंडे यांनी मिळवलेल्या रविवारचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

जो विद्यार्थी आज त्या सूचनाफलकासमोर उभा आहे, त्याला आपण ‘जाऊ नकोस’ एवढेच सांगितले तर तो जाईल, आणि जाताना आपल्याला हसेल. त्याच्या विद्येला दुसरे गिऱ्हाईक आहे, तिच्यावाचून एक कारखाना, एक नगरपालिका, एक सहकारी बँक अडून राहिली आहे, हे आपण त्याला दाखवू शकलो तर गोष्ट वेगळी. ते दाखवण्याची तयारी आपण अजून केलेली नाही. ती या वर्षी सुरू करावी.